वेग कोणाचा, प्रतीक्षा कोणाची?



जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाने गिनीज बुकात स्थान मिळविले. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले. रात्रंदिवस राबलेल्या कामगारांचा गौरव यथार्थच होय. तथापि त्याच रस्त्याच्या एका टोकाला असलेल्या अकोल्यातील नागरिकांनी नळाच्या पाण्याची कित्येक दिवस वाट पाहणारे उन्हाळे काढले आहेत. जो समाज पाच दिवसांत एवढा रस्ता करू शकतो, त्याला रोज पाणी पुरविणे अशक्य का व्हावे? प्रश्न अग्रक्रमाचा आहे.

अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव वाढत्या वस्तीला अपुरे पडले, तेव्हा शहराने सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचा आधार घेतला. अकोल्याचा आधार महानचे काटेपूर्णा धरण. शहर वाढले की आणखी दूरचे धरण गाठावयाचे, एवढाच नियोजनाचा अर्थ उरला आहे. परंतु धरणातील पाण्यावर कोणाचा तरी हक्क आधीच असतो.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसते. बाळापूर भागातील ६९ खेड्यांसाठी वान धरणावरून योजना आखली गेली. आपले सिंचन जाईल, या धास्तीने तेल्हारा भागातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला आणि शासनाने स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे यात्रा निघाली. तहानलेला गावकरी आणि धास्तावलेला शेतकरी असे समोरासमोर उभे राहिले. मात्र याच वऱ्हाडात ऊर्ध्व वर्धाचे पाणी नांदगाव पेठच्या खासगी औष्णिक वीजप्रकल्पाला देताना एवढे आढेवेढे घेतले गेले नाहीत. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगाचा क्रम शेतीच्या आधी होता. तो बदलण्यासाठी २०११ साल उजाडावे लागले.

शहरातही प्रतीक्षेची वाटणी विषमच असते. ज्याच्या घराखाली टाकी आणि दाराशी मोटार, त्याला चार दिवसांआडचे पाणी जाणवत नाही. ज्याच्याकडे दोन हंडे आणि एक पिंप, त्याची मजुरी नळाशी बुडते. शिवाय रिकाम्या नळात दाब उरत नाही, गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. म्हणजे खंडित पुरवठ्याची किंमत गरीब आधी वेळेने आणि मग आजाराने चुकवितो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

चौकाचा हिशेबही याच जातीचा आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या धडकेतील ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेतून पादचारी बहुधा वाचतो. ताशी ६० च्या धडकेत ती आशा फारच थोडी. उंचावलेला ओलांडपट्टा, मध्ये थांबावयास दुभाजक, पायी चालणाऱ्यांसाठी पुरेसा वेळ देणारा सिग्नल, हे उपाय उड्डाणपुलाच्या मानाने अत्यल्प खर्चाचे आहेत. पण उड्डाणपुलाचे उद्घाटन होते, ओलांडपट्ट्याचे होत नाही.

२०२२ साली मुदत संपल्यावर दोन्ही महानगरपालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात वस्तीचे गाऱ्हाणे सभागृहात मांडणारा नगरसेवकच नव्हता. हा धडा विसरता कामा नये.

कार्यकर्त्यांनी आता वही हाती घ्यावी. कोणत्या वस्तीत किती दिवसांनी आणि किती तास पाणी येते, याची वर्षभर नोंद करावी. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे सरकारचेच प्रमाण आहे. त्याच्याशी ती ताडून पाहावी. चौकात उभे राहून शाळकरी मुलाला आणि म्हातारीला रस्ता ओलांडावयास किती वेळ लागतो, तेही मोजावे. या नोंदी अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी लोकांसमोर ठेवाव्यात. खारपाणपट्ट्यातील गावकरी आणि कालव्याखालील शेतकरी यांना एका बैठकीस बोलवावे, कारण त्यांचे भांडण परस्परांशी नाही.

कोण थांबतो आणि कोणासाठी थांबतो, हे मोजल्यावाचून नियोजनाला समाजवादी म्हणता येणार नाही.