युरेनियमचा हिशेब खाणीपासून मांडू या

(युवा मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



आपल्या व्यासपीठावर अणुऊर्जेचं काय काम, असं काहींना वाटेल. कोकणातून आलेल्यांना तसं वाटणार नाही. राजापूर तालुक्यातलं साखरी नाटे हे प्रामुख्याने मुस्लिम मच्छीमारांचं गाव. जवळच माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प ठरला आहे. मूळ आराखडा प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा, एकूण ९९०० मेगावॉटचा होता. १८ एप्रिल २०११ रोजी या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात नाट्याला पोलीस गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार मरण पावला. भट्ट्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. प्रकल्पही रद्द झालेला नाही.

मच्छीमारांची भीती अडाणीपणाची नाही. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज होते, उरलेली समुद्रात सोडली जाते. पाणी तापलं की मासळी जागा बदलते. हे समजायला पदवी लागत नाही, दर्यावर जावं लागतं.

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहू. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचे सर्व्हर रात्री झोपत नाहीत, त्यांना चोवीस तास वीज लागते. आज देशातली बहुतेक वीज कोळशाची आहे आणि त्याचा धूर काय करतो ते चंद्रपूरकरांना विचारा. एक युनिट विजेमागे कोळशातून सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, अणुऊर्जेतून सुमारे १२ ग्रॅम. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे, २०१४ च्या अहवालातले. त्यात खाणकामही धरलेलं आहे. म्हणून 'अणुऊर्जा म्हणजे फक्त बॉम्ब' असं म्हणून मला विषय संपवता येत नाही.

पण कार्बनच्या हिशेबात माणसं मोजलेली नसतात. ती मोजायची तर खाणीपाशी जावं लागेल.

झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यात जादुगोडा आहे. देशातली युरेनियमची पहिली खाण. संथाळ, हो, मुंडा आदिवासींचा हा मुलूख. तिथल्या एक टन दगडातून अर्ध्या किलोच्या आसपास युरेनियम मिळतं. बाकी दगडाचा भुगा आणि चिखल मागे राहतो. युरेनियम काढून घेतलं तरी मूळ दगडातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग त्या चिखलातच असतो, कारण रेडियम आणि थोरियम तिथेच उरतात. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. हा चिखल पाइपने तलावात नेऊन साठवतात. २५ डिसेंबर २००६ रोजी जवळच्या डुंगरीडीह गावात तो पाइप फुटला आणि चिखल कित्येक तास नाल्यात वाहत राहिला.

डॉक्टरांच्या 'इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट' या संघटनेच्या पाहणीत खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंगं आणि वंध्यत्व दूरच्या गावांपेक्षा जास्त आढळलं. कंपनीचं म्हणणं आहे की किरणोत्सर्ग मर्यादेत आहे आणि आजारांचा खाणीशी संबंध नाही. वाद आहे, मान्य. मग त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी होऊ द्या, आकडे गावकऱ्यांच्या हातात द्या. मोजणारा आणि खाण चालवणारा एकाच सरकारी खात्याच्या छत्राखाली असेल, तर गावाने विश्वास कशावर ठेवायचा?

हे झारखंडचं दुखणं म्हणून सोडून देता येणार नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या देशी युरेनियमवर चालतात. म्हणजे आपल्या घरातल्या दिव्याचा एक धागा त्या चिखलाच्या तलावापर्यंत जातो.

आणि आता मुद्दा तातडीचा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर केलं. आज आपण १० गिगावॉटच्याही खाली आहोत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आण्विक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे ज्याच्या गावात खाण येणार, त्याला 'तुझं काय म्हणणं आहे?' एवढंही विचारायचं नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. वीज हवी असेल, तर ज्यांची जमीन आणि पाणी जाणार त्यांचं आधी ऐकून घ्या.

आपण काय करायचं? माडबनला २०१० मध्ये सुनावणी झाली, तेव्हा पर्यावरण अहवालाची मराठी प्रत वेळेत मिळाली नाही अशी गावकऱ्यांची तक्रार होती. इथे बसलेल्यांत कितीतरी इंजिनिअर, वकील, शिक्षक आहेत. असे अहवाल वाचणं, ते सोप्या मराठीत गावासमोर मांडणं, माहितीच्या अधिकारात किरणोत्सर्गाचे आकडे मागणं, ही कामं आपल्याला जमणारी आहेत.

जैतापूरच्या लढ्यात नाट्याचे मुस्लिम मच्छीमार आणि माडबनचे हिंदू आंबा बागायतदार एकत्र उभे राहिले. तेव्हा कुणी कुणाला जात-मजहब विचारला नाही. तो हात आता जादुगोड्यापर्यंत पोचला पाहिजे. जमीन आणि पाणी आपल्याकडे अमानत आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमानत फक्त आपल्या गावापुरती नसते.