कोर्टाने दिले, कोर्टाने नेले
(महिला सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बदल्या, क्वार्टर्स, पाळणाघर हे आपले विषय पटलावर असताना अमेरिकेतील गर्भपाताचे खटले आम्ही कशाला काढले, असे काही साथींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. कोर्टाने दिलेला हक्क कोर्टच कसा परत घेते, हे त्या खटल्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. म्हणून ही हकीकत सांगायची.

अमेरिकेत गुन्हे आणि वैद्यकीय व्यवसाय यांविषयीचे बहुतेक कायदे राज्ये करतात. टेक्सास राज्यात आईचा जीव वाचवण्यापुरती सूट सोडली तर गर्भपात करणे गुन्हा होता. १९७३ साली 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. घटनेत गर्भपात हा शब्द नाही. पण चौदाव्या दुरुस्तीने दिलेल्या स्वातंत्र्यात खासगी जीवनाचा हक्क येतो आणि हा निर्णय त्यातच बसतो, असे न्यायालय म्हणाले.

हक्क मिळाला, पण पैसा? गरिबांच्या सरकारी वैद्यकीय योजनेतून गर्भपाताचा खर्च बहुतांशी बंद करण्यात आला. १९८० साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला मान्यता दिली. हक्क आहे, पण तो वापरण्यासाठी पैसे देण्याची सरकारवर सक्ती नाही, असा त्याचा अर्थ. १९९२ साली पेन्सिल्व्हेनियाच्या खटल्यात मूळ हक्क कायम राहिला. नवऱ्याला कळवण्याची अट रद्द झाली, पण चोवीस तास थांबण्याची अट टिकली. ज्याच्या दारात गाडी आहे त्याला चोवीस तास काहीच नाहीत. रोजंदारीवरच्या बाईला मात्र दोन खेपा आणि दोन दिवसांची मजुरी. कागदावर सर्वांना सारखा असलेला नियम कुणाच्या पाठीवर पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

२४ जून २०२२ रोजी मिसिसिपी राज्याच्या 'डॉब्ज' खटल्यात पाच न्यायमूर्तींनी 'रो'चा निकालच रद्दबातल केला. एकोणपन्नास वर्षांचा हक्क एका सकाळी गेला. घटनेचा मजकूर तोच होता. बदलली होती ती न्यायमूर्तींची नावे.

मग लढा राज्यांच्या घटनांवर आला. साउथ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे सहा आठवड्यांनंतरची बंदी तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. मुख्य निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती त्या पीठातील एकमेव स्त्री होत्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी पुरुष न्यायमूर्ती आले. विधिमंडळाने जवळजवळ तसाच कायदा पुन्हा केला आणि ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी मान्य केला. कॅन्ससमध्ये उलट घडले. तेथील न्यायालयाने २०१९ साली राज्यघटनेखाली हा हक्क मान्य केला होता. तो काढून टाकण्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये जनमत घेतले, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी नकार दिला. जेथे लोक घराबाहेर पडले, तेथे हक्क टिकला.

टपाल खात्यातील साथींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. अमेरिकेत १८७३ सालचा 'कॉमस्टॉक' कायदा आहे. गर्भनिरोधक आणि गर्भपाताची साधने टपालाने पाठवणे त्याने गुन्हा ठरवले. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो गृहस्थ टपाल खात्याचाच खास एजंट झाला. गर्भनिरोधकांचा भाग १९७१ साली वगळला, गर्भपाताचा भाग राहिला. 'रो'नंतर तो कपाटात पडून होता. 'डॉब्ज'नंतर गोळ्यांची पाकिटे अडवण्यासाठी त्याचीच धूळ झटकली जात आहे. वापरात नसलेला कायदा मेला असे समजू नये.

आता आपल्याकडे. आपला कायदा १९७१ चा. त्याआधी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. अमेरिकेत हक्क गेला त्याच २०२२ साली, २९ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतची सवलत अविवाहित स्त्रीलाही लागू केली. आनंद आहे. पण हुरळून जाऊ नये. आपल्या कायद्यात अखेरचा शब्द डॉक्टरांचा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात सव्वीस आठवड्यांच्या गर्भवतीला त्याच न्यायालयाने नकार दिला. आणि सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही, हा २००३ चा निकालही त्याच न्यायालयाचा आहे, हे आपण विसरलेलो नाही.

तेव्हा करायचे काय? हातात आहे ते आधी वापरू या. केंद्र सरकारी कर्मचारी स्त्रीला गर्भस्राव किंवा गर्भपातासाठी साऱ्या नोकरीत मिळून ४५ दिवसांची पगारी प्रसूती रजा आहे. मुले किती, ही अट तिला नाही. वैद्यकीय दाखला लागतो. कारखान्यांतील स्त्रियांना सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या कायद्याने दिली आणि २०२० च्या संहितेतही ती राहिली. स्टेशन झाडणाऱ्या कंत्राटी भगिनींपैकी कितीजणींना हे कुणी सांगितले आहे?

आमच्या ओळखीच्या एका भगिनीने ही रजा न मागता शिल्लक अर्जित रजा काढली. कारण अर्ज पाच टेबलांवरून गेला असता आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ऑफिसला कळले असते. स्त्रीची ओळख डॉक्टरने उघड करू नये, असे कायदा सांगतो. मग ऑफिसात ती का उघडी पडावी? असा अर्ज बंद पाकिटात, एकाच अधिकाऱ्याकडे जावा, ही मागणी प्रत्येक शाखेने लेखी द्यावी, असे आमचे म्हणणे आहे. पुरुष साथींनी ती आपली मागणी म्हणून मांडावी. बायकांचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवू नये.

कोर्टात जावे लागेल तेथे जरूर जाऊ. पण निकालाची प्रत फ्रेम करून भिंतीला लावली म्हणजे काम संपले, असे समजू नका. तो निकाल राखायला माणसे लागतात. ती माणसे म्हणजे आपण.