गांडूळ मरत नाही, पण...
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



पाऊस लागला की आपल्यापैकी अनेकांना गावाहून फोन येतो. शिवाजीनगरात राहून जमीन कसायची म्हणजे ती वाट्याने दिलेली. वाटेकरी म्हणतो, "दादा, भांगलणीला बायका मिळत नाहीत. तणाचं औषध मारतो, पैसे पाठवा." मीही अनेक वर्षे पाठवले. औषध तणावरचे, गांडुळाला त्याचे काय, असे वाटायचे.

हे अगदीच खोटे नाही. ग्लायफोसेट वनस्पतीतील ज्या प्रक्रियेवर घाव घालते, ती प्राण्यांच्या शरीरात नसतेच. नेहमीच्या चाचणीत औषध मिसळलेल्या मातीत गांडुळे १४ दिवस ठेवतात आणि मेलेली मोजतात. पण हे चाचणीचे गांडूळ, आयसेनिया फेटिडा, खताच्या खड्ड्यातले. शेतात खोल बिळे करणारे निराळे. शिवाय जिवंत असणे म्हणजे कामावर असणे नव्हे, हे आपण नोकरदार मंडळी जाणतोच! (हशा)

२०१५ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी कुंड्यांत गवत वाढवले, त्यावर ग्लायफोसेटयुक्त तणनाशक फवारले आणि गांडुळांवर नजर ठेवली. खोल बिळे करणाऱ्या जातीने तीन आठवड्यांत माती वर आणणे जवळजवळ बंद केले. मातीतच राहणाऱ्या दुसऱ्या जातीचे काम चालू राहिले, पण तीन महिन्यांत तिची पैदास ५६ टक्क्यांनी घटली. मेलेली मोजून हे कसे कळणार? बिळे नाहीत तर पाणी मुरत नाही, आणि पिल्ले नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात रान मुके.

आता दुसरी बाजू. कर्जतजवळ नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेतीतून नांगरणी, चिखलणी आणि लावणी काढून टाकली. तण तणनाशकाने मारायचे, मुळे जमिनीतच कुजू द्यायची. तेथे गांडुळे वाढली, असे ते सांगतात. मला त्यात तथ्य वाटते, कारण नांगर बिळे मोडतो आणि कुजणारी मुळे हे गांडुळांचे अन्न. आपल्याकडे मात्र नांगरही चालतो आणि औषधही. गांडुळाला दोन्हीकडून मार.

कोणी म्हणेल, गांडूळखताची पोती टाकू. आपल्या बेंगळुरूच्या जीकेव्हीकेत डॉ. राधा काळे यांनी या खतावर अनेक वर्षे मोलाचे काम केले आहे. खत जरूर घाला. पण खड्ड्यातले गांडूळ वरच्या कुजलेल्या पाल्यात राहते, ते रानात खोल बीळ करत नाही.

यंदा मी अर्ध्या रानाला भांगलणीचे पैसे पाठवले. खर्च बराच जास्त आला, घरात बोलणीही बसली. उरलेल्या अर्ध्यात औषधच आहे. दसऱ्याला गावी गेलो की ओल असताना दोन्हीकडे फूटभर लांब, रुंद, खोल असे चार-चार खड्डे काढून गांडुळे मोजणार आहे. आकडे पुढच्या गणपतीत सांगेन.