पगार तिचा, पाकीट कोणाचे?



चामटोलीहून बदलापूर स्टेशन गाठून कामाला जाणारी स्त्री पगार घरी आणते; तो खर्चण्याचा अधिकार तिला असतोच असे नाही. मार अंगावर दिसतो, ही नाकेबंदी दिसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक, लैंगिक व मानसिक छळाच्या पंक्तीला आर्थिक छळही बसविला: मिळकत हिरावणे, घरखर्च रोखणे, स्त्रीधन परस्पर विकणे. घर नावावर नसले तरी तेथे राहण्याचा हक्क कलम १७ देते. १९८३ च्या ४९८-अ कलमाचा रोख शिक्षेवर होता. छप्पर गमावलेल्या स्त्रीने नुसत्या शिक्षेचे काय करावे?

कार्यकर्त्यांचीही एक खोड आहे. समेटाच्या उत्साहात ते तिला त्याच घरात परत पाठवितात. आधी तिचे ऐकावे, तेही एकांतात. निर्णय तिचा असावा. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने विशेष कक्ष उघडला, तेव्हा पोलिसांच्या छताखाली समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. आज संरक्षण अधिकारी आहेत, १८१ क्रमांक आहे, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील आहे. त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. पण रेशनकार्ड, पासबुक, दवाखान्याच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती तिच्या विश्वासाच्या घरी वेळीच ठेवणे, हे काम गल्लीतल्या कार्यकर्तीलाच करावे लागेल.