ताटातला भात आणि रक्तातली साखर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी ना डॉक्टर, ना आहारशास्त्राची पदवीधर. मी काय सांगणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे साखर सांभाळून तुम्ही आमच्याबरोबर सहलीला येता आणि सगळ्यांच्या आधी टेकडी चढता, ते कसे तेवढे सांगा." तेव्हा आज मी सांगणार आहे ते माझ्या स्वयंपाकघरातले. त्यात विद्वत्ता शोधू नका. काही आकडे मात्र येतील; आपण किराणा मोजून घेतो तसे तेही मोजून घ्या.

२०१६ साली माझ्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. आधी रक्त तपासले, तर उपाशीपोटी साखर १८७. उपाशीपोटी १०० च्या आत हवी. १२६ किंवा त्याहून अधिक भरली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली की मधुमेह, हे मला तेव्हा कळले. मला ना फार तहान लागत होती, ना वजन उतरले होते. थोडा थकवा यावयाचा, पण तो आपल्यापैकी कोणाला येत नाही? म्हणून एवढेच सांगते की चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. २०२३ साली आय.सी.एम.आर.च्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असल्याचे म्हटले आहे. तेव्हा या सभागृहात मी एकटीच असेन असे मला वाटत नाही.

खरे सांगावयाचे तर पहिले सहा महिने मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. हळदीकुंकवाला गेले की लाडू घ्यावयाचा, निम्मा खावयाचा आणि उरलेला रुमालात. घरी ह्यांना तेवढे ठाऊक होते. मनात एक विचित्र लाज होती, जणू मी चोरून गोड खाऊन हा रोग ओढवून घेतला होता! आणि ही लाजच पुढे माझ्या अंगाशी आली.

झाले असे की कोणीतरी कोणाला तरी सांगताना माझ्या कानावर पडले : "भात-पोळी बंद केली की साखर पळते." मी कोणालाही न विचारता त्या रात्री नुसती भाजी आणि ताक घेऊन निजले. गोळी मात्र नेहमीची घेतली. ती गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावयास लावणारी होती. पोटात पिष्टमय काही नाही आणि गोळीचे काम चालूच! पहाटे दोनला जाग आली ती घामाने चिंब होऊन. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. मुलाने दिलेल्या यंत्रावर ह्यांनी बोट टोचून पाहिले तर ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका. ह्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, मग एक पोळी खावयास लावली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, भात कमी केलात हे उत्तम केलेत. पण मला सांगितले असतेत तर गोळीही कमी केली असती." तशी त्यांनी ती केली, आणि पुढे वर्षभराने बंदही केली.

ही हकीगत मी मुद्दाम आधी सांगितली, कारण यापुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून कोणी उत्साहाने घरी जाऊन तसेच करावे असे मला नको आहे. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड अशा नावाची गोळी घेणाऱ्यांनी ताटातला भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येते ती घेणाऱ्यांनी तर कडक उपास किंवा पिष्टमय अन्न अगदी तोडणे आपल्या मनाने करूच नये. त्यात साखर फारशी न वाढताही रक्त आम्ल होण्याचा धोका असतो. आणि ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे त्यांनी प्रथिने किती घ्यावीत हेही विचारूनच.

आता स्वयंपाकघरात चला.

मी प्रथम एक छोटा काटा आणला आणि आठवडाभर सगळे मोजले. आमच्या घरी सून हसे. पण मोजल्यावर जे दिसले त्याने दोघींचेही डोळे उघडले. वाटीभर भात, म्हणजे शिजलेला दीडशे ग्रॅम, यात पिष्टमय भाग सुमारे चाळीस ग्रॅम. पंचवीस ग्रॅम कणकेचा फुलका धरला तर सतरा-अठरा. आणि ज्वारीची भाकरी? भगिनींनो, इथे माझी मोठी फसगत झाली होती. भाकरी म्हणजे औषध अशी माझी समजूत! पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी पस्तीसच्या आसपास भरते, म्हणजे सरळ दोन फुलके. मी दोन भाकऱ्या खात होते आणि पथ्य पाळते म्हणून मनात सुखावत होते. ज्वारी-बाजरी वाईट नव्हे. तिच्यात तंतू आहेत, पोट भरते, चव तर विचारूच नका. पण ती धान्यच आहे. त्याच पाहणीवरून २०२५ साली जो निबंध प्रसिद्ध झाला त्यात आपल्या देशात अन्नातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात असे आढळले. आणि एकूण प्रमाण तेवढेच ठेवून नुसते पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरीचे पीठ घेतल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. भाकरी बदलली, पण भाकऱ्यांची संख्या बदलली नाही, तर काय उपयोग?

गुळाचेही तसेच. "साखर नको, मग गुळाचा चहा घ्या," असे प्रेमाने सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा भेद कळत नाही, आणि मधाचीही गत तीच. जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगितली आहेत त्यांत बसून राहणे आहे, झोप आहे, नवे धान्य आहे आणि गुळाचे पदार्थही आहेत. पथ्यात त्याने जव सांगितले आहेत. चहाचा हिशेब करा : दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम. एक वाटी भात आपण नुसताच पिऊन टाकतो! मी महिन्याला अर्धा चमचा कमी करीत गेले. आता कोणाकडे गोड चहा मिळाला तर तो मला काढ्यासारखा लागतो.

पण सर्वांत मोठे आश्चर्य उपासाच्या दिवशी. एका चतुर्थीला मी खिचडी खाण्याआधी यंत्रावर पाहिले, ११८. दोन तासांनी पाहिले, २४१! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसते पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये सत्त्याऐंशीच्या आसपास, प्रथिने नाहीतच म्हणावयास हवीत. त्यात वर बटाटा. आणि गंमत पाहा, साबुदाणा ज्या कंदापासून तामिळनाडूत सेलमकडे होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, ही चारही मूळची अमेरिकेतली. आपल्या पणजीच्या पणजीच्या उपासाला यांतले काय होते कोण जाणे! धर्मशास्त्राच्या वादात मी पडत नाही. पण माझ्या उपासाला आता दाण्याची आमटी, काकडीची खमंग कोशिंबीर, वाटीभर दही आणि दोन-तीन चमचे वऱ्याचे तांदूळ असतात. देव रागावल्याचे अद्याप दिसलेले नाही. गोळ्या-इन्सुलिनवर असणाऱ्यांनी उपास करावा की नाही हे मात्र पुन्हा डॉक्टरांनाच विचारावे.

मग खावे तरी काय, असे तुम्ही विचाराल. अहो, आपल्या ताटात डावी बाजू आहे, उजवी बाजू आहे. आपण मात्र मधला भातच जेवण समजतो. मेथी, चाकवत, शेपू, माठ, दोडका, पडवळ, दुधी, वांगी, कोबी, घेवडा, गवार यांत पिष्ट थोडे. या भाज्यांची एक नव्हे, दोन वाट्या घ्याव्या. उसळी, आमटी, पिठले यांत पिष्ट असतेच, डाळीत निम्म्याहून अधिक तेच असते. पण बरोबर वीस-बावीस टक्के प्रथिने असतात आणि साखर हळूहळू चढते. खाणाऱ्यांनी अंडे, बांगडा, कोंबडी घ्यावी, त्यांत पिष्ट नाही म्हटले तरी चालेल. न खाणाऱ्यांनी पनीर, दही, मूठभर दाणे. तेलाचा हात मात्र सैल सोडू नये. माझे नेहमीचे दुपारचे जेवण म्हणजे मोठी वाटी पालेभाजी, वाटी मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक आणि एक भाकरी. भात आठवड्यातून दोनदा, अर्धी वाटी, वरण मात्र भरपूर. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे. दोन भाकऱ्या आणि पिठले खाऊन माझी साखर १८६ जात असे. एका भाकरीच्या वरील जेवणाने १४९ वर थांबली. तुमचे आकडे निराळे येतील, प्रत्येकीचे शरीर निराळे. पट्ट्या महाग असतात, म्हणून रोज नव्हे, नवा पदार्थ असेल तेव्हा खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे.

आणखी दोन युक्त्या, फुकटातल्या. आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ खावी, भात-भाकरी शेवटी. तेच अन्न, पण क्रम बदलला की साखर कमी उडी मारते. आणि जेवणानंतर लगेच न लवंडता दहा-पंधरा मिनिटे चालावे. गच्चीत चालले तरी हरकत नाही. कारल्याचा रस आणि मेथीदाणे ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल घ्यावेत, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नये. शंभर वर्षांपूर्वीचे दिवस आठवा. जानेवारी १९२२ मध्ये टोरँटोला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवीत. औषध मिळते आहे हे आपले भाग्य, त्याचा कंटाळा करू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी बोलावयास उभी राहिले ती.

पथ्याचे सारे कळूनही माझी साखर वर्षभर हटेना. डॉक्टर विचारीत, "काय खाता?" मी खरेच सांगे. मग एके दिवशी सुनेने माझ्या ताटाकडे पाहिले. आमच्या घरी मी शेवटी बसते. तुमच्यापैकी किती जणी बसतात? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. मी बसेपर्यंत पालेभाजी संपलेली, उसळ तळाशी चमचाभर, कोशिंबिरीचे नुसते पाणी. राहिलेला काय तो भात, आणि सकाळची एक पोळी. टाकवत तर नाही! भात-लोणचे, पोळी-लोणचे, रात्री फोडणीचा भात. पाककृती सर्वांसाठी पथ्याची आणि ताट माझेच अपथ्याचे. त्यात मी कोणाला दोष देत नाही. कोणी मला उपाशी ठेवले नव्हते, मीच वाढताना "घ्या, घ्या" म्हणत होते, आणि "मला काहीही चालते" हे वाक्य तर मी चाळीस वर्षे अभिमानाने म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, तुमच्या वाटणीची भाजी नि उसळ मी आधीच काढून ठेवली आहे, झाकण उघडू नका." ह्यांना ते थोडे चमत्कारिक वाटले. "अगं, बायकोचे ताट आधी?" असे म्हणालेही. मग त्यांना ५२ ची रात्र आठवली असावी, कारण रविवारपासून ते स्वतःच म्हणू लागले, "आपण सगळे एकदमच बसू." भात आम्ही आता मोजून लावतो, उरतच नाही. सहा महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरीची ती तपासणी केली, तेव्हा ८.४ चे ६.७ झाले होते. गोळी तीच, मी तीच. बदलली ती जेवावयास बसण्याची वेळ.

सणवारही आम्ही सोडलेले नाहीत. पुरणपोळीच्या दिवशी एकच पोळी, तिच्यावर तूप, बरोबर कटाची आमटी आणि भरपूर भाजी. त्या जेवणात भात नाही. मोदक एक. बळेच दुसरा वाढणारीला मी आता स्पष्ट सांगते, "मला मधुमेह आहे, हो." पूर्वी हे वाक्य तोंडातून फुटत नसे. गेल्या संक्रांतीला मी ते म्हटले तर शेजारच्या काकू हळूच माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही. चार वर्षे झाली." चार वर्षे आम्ही दोघी एकाच जिन्यावर, आणि दोघींच्याही रुमालात अर्धा लाडू!

म्हणून मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपल्या हळदीकुंकवाला आणि मासिक सभेला गोडाच्या शेजारी एक परात निराळी असावी : काकडी-गाजराच्या फोडी, मोड आलेले वाफवलेले मूग, भाजलेले शेंगदाणे. खर्च गोडापेक्षा जास्त येत नाही, मी हिशेब करून चिटणीसबाईंकडे दिला आहे. आणि कोणीही कोणाला "एकाने काय होते" असे म्हणू नये.

आज अल्पोपाहारात श्रीखंड आहे असे कळले. मी दोन चमचे घेणार आहे, मुगांनंतर. माझा काटा, वाट्या आणि वही मागच्या खोलीत मेजावर ठेवली आहे. भाकरीचे पीठ तोलून पाहावयाचे असेल त्यांनी जरूर यावे.