मोटार दारात, किल्ली खुंटीला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘माझी आवड’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी संकोचले. भरतकाम, बागकाम यांवर आपल्यापैकी पुष्कळजणी अधिकाराने बोलतील. माझी आवड म्हणजे मोटारी आणि विमाने! पण जन्म पार्ल्यातला. डोक्यावरून दिवसभर विमाने जाणार, तेव्हा दोष सगळाच माझा नाही.

१९७१ साली एअर इंडियाचे पहिले जंबो जेट, ‘एम्परर अशोक’, मुंबईस आले. वडिलांनी आम्हा भावंडांना ते दाखविले. खिडक्यांभोवती तांबडे झरोके रंगविलेले, आणि देह एवढा अवाढव्य की हे उडते तरी कसे, असे आईला वाटले. भावाने विचारले, “मी वैमानिक होऊ?” वडील म्हणाले, “हो की!” माझ्याही ओठांवर तोच प्रश्न होता, तो मी गिळला.

१९३६ सालीच सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान चालविले होते, हे मला फार उशिरा कळले. आणि १९८५ साली सौदामिनी देशमुख व निवेदिता भसीन यांनी फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले, तेव्हा मी घरात पोळ्या लाटत होते. पोळ्यांना मी कमी लेखीत नाही. पण त्या दिवशी लाटणे जरा जोरात फिरले असते, एवढे खरे!

पुढच्याच वर्षी आमच्या दारात जुनी प्रीमियर पद्मिनी आली. कागदावर पद्मिनी, तोंडात मात्र फियाटच. अँबॅसडर ऐसपैस, मोठ्या कुटुंबाची. पण आपल्या गल्लीबोळांना फियाटच बरी, हे माझे मत आजही कायम आहे. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, हे यांना मीच सांगत असे. प्लग काळा पडला तर पुसूनही देई. चालवीत मात्र हे. मी शेजारी बसून चुका काढी.

१९९४च्या पावसाळ्यात एका रात्री यांच्या छातीत कळ आली. मोटार खाली उभी, टाकीत पेट्रोल, किल्ली खुंटीला. त्या यंत्राचा भाग न् भाग मला ठाऊक, आणि ते दहा हात पुढे नेणे मला येईना! भर पावसात शेजाऱ्यांची दारे ठोठावली. एका घरचा मुलगा उठून आला, तोवर वीस मिनिटे गेली होती. हे वाचले. पण ती वीस मिनिटे अजून माझ्या पोटात आहेत.

महिन्याभरात मी शिकायला लागले. वय चाळीस. पुलाच्या चढावर मोटार मागे घसरली, मागच्या टॅक्सीवाल्याने माझ्या कुळाचा उद्धार केला. मग शिकविणारे मास्तर म्हणाले, “बाई, कान इंजिनाकडे द्या. आवाज जड झाला की क्लच तिथेच धरा, आणि मग ब्रेक सोडा.” कान तर माझा लहानपणापासून तयार होता! तिसऱ्या खेपेस चढ सर झाला. आता हे डावीकडे बसतात आणि नसलेला ब्रेक पायाने दाबतात.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेली. २०२४च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाच्या जंबोने मुंबईहून शेवटचे उड्डाण केले. जाताना पंख हलवून निरोप दिला. नातवाने ते फोनवर दाखविले, तेव्हा डोळे भरून आले. यंत्रे जुनी होतात, जातात. त्यांच्याबरोबर आपली हौस न वापरताच जाऊ नये, एवढेच मला वाटते.

आपल्यापैकी कितीतरी जणींचा परवाना कपाटात साड्यांखाली पडून आहे, हे मला ठाऊक आहे. कोणाकोणाचा, तेही ठाऊक आहे! त्यांनी रविवारी सकाळी सहा वाजता, रस्ते मोकळे असताना, आपली गाडी घेऊन माझ्या दाराशी यावे. मी शेजारी बसेन, आणि चुका काढणार नाही. निदान पहिल्या दिवशी तरी!