गल्ल्याशेजारची पेटी आणि लहरींची मालकी
(अभ्यासवर्गातील भाषण)



आजचा विषय ऐकून हे अभियंत्यांचे काम आहे, आपले नव्हे, असे काही साथींना वाटण्याचा संभव आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये आयुर्विमा महामंडळाचा संगणक येऊ नये म्हणून विमा कर्मचारी उभे ठाकले, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी संगणकशास्त्र शिकलेले नव्हते. प्रश्न नोकऱ्यांचा होता आणि तो त्यांना अचूक उमगला होता. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी भारतीय बँक संघाशी संगणकीकरणाविषयी करार केला, तोही यंत्राशी वैर म्हणून नव्हे. यंत्र कोणत्या अटींवर यावे, हे ठरविण्यात आपलाही वाटा असावा, म्हणून. आजही मुद्दा तोच आहे. फरक एवढाच की यंत्र आता कचेरीच्या दारातून येत नाही. ते आपल्या खिशातून आणि हवेतून येते.

कोणत्याही चहाच्या टपरीवर पाहा. गल्ल्याशेजारी एक लहानशी पेटी असते. गिऱ्हाइकाने मोबाईलवरून पैसे दिले की इतके रुपये मिळाले, असे ती मोठ्याने सांगते. आत एक सिमकार्ड, एक बॅटरी आणि एक ध्वनिवर्धक, याहून फारसे काही नाही. रक्कम जमा झाल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून मोबाईलच्या जाळ्यातून त्या सिमकार्डापर्यंत येतो आणि पेटी बोलते. हात पिठात किंवा तेलात असलेल्या माणसाला फोन पुसून पाहावा लागत नाही. खोटे चित्र दाखवून कोणी त्याला सहजासहजी फसवू शकत नाही. ही सोय खरी आहे आणि तिची टवाळी करणे म्हणजे टपरीवाल्याच्या श्रमांची टवाळी करणे होय. प्रश्न पुढचा आहे. ही पेटी बहुधा त्याच्या मालकीची नसते. तो तिचे दरमहा भाडे भरतो.

पैसे ज्या मार्गाने जातात तो मार्ग, म्हणजे यूपीआय, एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला. तो उभारणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था रिझर्व्ह बँक आणि बँक संघ यांच्या पुढाकाराने २००८ साली स्थापन झाली. ती नफ्यासाठी चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये या मार्गावरून एका महिन्यात प्रथमच १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला या व्यवहारांवर शुल्कही द्यावे लागेनासे झाले. सार्वजनिक पुढाकाराने किती मोठे काम उभे राहू शकते, याचे हे उदाहरण आहे आणि ते आपण निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

परंतु मार्ग सर्वांचा असला तरी त्याच्या तोंडाशी नाके कोणाचे आहे? एकूण व्यवहारांपैकी सुमारे चार-पंचमांश व्यवहार दोनच ॲपमधून होत आले आहेत: एक वॉलमार्टच्या प्रभुत्वाखालील फोनपे, दुसरे गूगलचे. कोणत्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, असे बंधन नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. त्याची मुदत प्रथम २०२४ च्या आणि नंतर २०२६ च्या अखेरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. शुल्कच नाही तर या कंपन्यांना मिळते काय, असा प्रश्न एखादा साथी विचारील. पेटीचे भाडे मिळते, हे एक. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे टपरीची रोजची विक्री, तिची वेळ, तिची चढउतार, हे सारे मिळते. या नोंदींच्या आधारावर दुकानदाराला कर्ज देऊ केले जाते आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर कापला जातो. गावच्या सावकाराला आपल्या कुळाची इतकी बारीक माहिती कधी लाभली नव्हती.

आता ज्या लहरींवरून हा निरोप येतो त्यांच्याकडे वळू. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने २००८ सालचे १२२ परवाने रद्द केले. (फौजदारी खटल्यातील सर्व आरोपींना डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष ठरविले, ही गोष्टही नमूद केली पाहिजे.) तेव्हापासून लिलाव हाच एकमेव न्याय्य मार्ग, असे मानण्याची प्रथा पडली, आपल्यातही तसे मानणारे आहेत. मला ते पटत नाही. लिलावाने तिजोरीत पैसा येतो, हे खरे. पण डोंगराळ तालुक्यात मनोरा कोण उभारणार, हे लिलाव ठरवीत नाही. खाजगी कंपन्यांची संख्या तीनवर आली. ज्या भारत संचार निगमने तोट्याच्या भागांत सेवा द्यावी अशी अपेक्षा होती, तिच्या देशव्यापी स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. खाजगी ४जी सेवा २०१२ मध्येच सुरू झाली होती. मधल्या काळात, जानेवारी २०२० च्या अखेरीस, ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली बाहेर पडले.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहा. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी औद्योगिक यंत्रे आणि ओव्हन यांच्या गोंगाटामुळे निकामी समजली जात असे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये ती दळणवळणासाठी परवान्याविना खुली केली. भारतात हे २००५ मध्ये घडले. एक अट अशी, की प्रक्षेपण क्षीण शक्तीचे असावे. १९९७ साली वायफायचे पहिले मानक ठरले आणि या टाकाऊ पट्टीवर वायफाय व ब्लूटूथ ही दोन्ही तंत्रे वाढली. ज्या लहरी कोणालाही विकल्या नाहीत, त्यांच्यावरच शोधांचे सर्वांत भरघोस पीक आले. बाजाराशिवाय नवे काही निर्माण होत नाही, असे आपल्याला ऐकविणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

सॉफ्टवेअरची कथाही अशीच आहे. पूर्वी लेखनाचा किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम एकदा विकत घेतला की तो वर्षानुवर्षे चालत असे. २०११ पासून मायक्रोसॉफ्टने आपले ऑफिस वर्गणीवरही देण्यास आरंभ केला आणि आज वर्गणी हीच रीत झाली आहे. सुताराने रंध्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला भरावे, तसा हा प्रकार आहे. पर्याय नाही असे मात्र नाही. १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प आणि १९९१ मध्ये लिनक्स सुरू झाले, ते जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या सामायिक श्रमातून. केरळातील सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच चालत आहेत. अर्थात याच लिनक्सच्या गाभ्यावर गूगलने अँड्रॉइड उभारले, तेव्हा सामायिक श्रमाचे फळही मक्तेदार उचलू शकतो, हे ध्यानात ठेवावे. ॲपवर राबणाऱ्या वितरण कामगारांविषयी उद्या स्वतंत्र व्याख्यान आहे. म्हणून ती बाजू येथे सोडतो.

महाराष्ट्राबाहेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे काम करणाऱ्या साथींची एक अडचण निराळी आहे. त्यांची पत्रके आणि सभासद नोंदी जुन्या, खाजगी कंपन्यांच्या मराठी फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतात. युनिकोडमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. दुपारच्या सत्रात दोन तरुण साथी या नोंदी युनिकोडमध्ये बदलून दाखविणार आहेत, तेव्हा ज्यांनी आपल्या फाइली बरोबर आणल्या असतील त्यांनी त्या जेवणापूर्वी त्यांच्याकडे द्याव्यात.